स्पीकरमधली शिट्टी रेसबरोबर का चढते, आणि ती पकडायची कशी

इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक ‘कुंईं’ ऐकू येतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते चढतं, पाय काढला की उतरतं. गाणं मोठ्याने लावलं तर झाकलं जातं, पण गाण्यात शांत जागा आली की पुन्हा कान खातं. कुणाकडे हे नवा ॲम्प्लिफायर बसवल्यापासून सुरू होतं, तर कुणाकडे फोन नुसता चार्जिंगला लावला तरी. अशा वेळी बहुतेक जण आधी एक फिल्टर विकत आणतात. तो कधी लागू पडतो, कधी नाही, आणि दोन्ही वेळा कारण काही कळत नाही. गोंगाट नेमका कुठून शिरतोय हे आधी ठरवलं तर बहुतेक वेळा काही विकत आणावंच लागत नाही. पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक मल्टीमीटर यांवर भागतं.

आधी नुसतं ऐका

गाडीतला प्रत्येक नको असलेला आवाज कशाच्या तरी पाठोपाठ चालतो. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची. फेऱ्यांबरोबर जलद होणारी टिकटिक पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची असते. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद घुरघुर आली तर संशय टाकीतल्या फ्युएल पंपावर. इंडिकेटरबरोबर ‘टक्’ आणि वायपरबरोबर घरघर येत असेल, तर त्यांचा आणि म्युझिक सिस्टीमचा ‘अर्थ’, म्हणजे वीज परत नेणारी मायनसची जोडणी, एकाच ठिकाणी असते. आणि इंजिन बंद असो वा चालू, एकसारखी येणारी ‘फस्स’ ही वेगळीच गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

यानंतर एकच प्रश्न विचारायचा: व्हॉल्यूम कमी केल्यावर गोंगाटही कमी होतो का? होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधी शिरतोय, म्हणजे फोन, फोनचा आवाज स्टिरिओत नेणारी ऑक्स केबल किंवा रेडिओची अँटेना. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी शिट्टी तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या पुढे शिरतेय. मग स्टिरिओपासून ॲम्पपर्यंतची (म्हणजे ॲम्प्लिफायरपर्यंतची) केबल, ॲम्पचं अर्थिंग किंवा स्पीकरच्या तारा तपासायच्या. या चाचणीला पाच सेकंद लागतात, पण ती न करता डॅशबोर्ड उघडणारे कमी नाहीत. जाता जाता बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडही (पुढचं-मागचं) फिरवून पाहा. गोंगाट एकाच स्पीकरमध्ये असेल तर सगळ्या सिस्टीमला दोष देण्यात अर्थ नाही. त्या एका स्पीकरची तार दाराच्या बिजागरीपाशी चिमटली गेली असण्याची शक्यता जास्त.

बॅटरीची वीज तर सरळ असते, मग शिट्टी कुठली?

बॅटरीची वीज सरळच असते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास जातो, कारण आता वीज अल्टरनेटर देत असतो. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज तयार करतो, तीही तीन फेजमध्ये. आतले डायोड ती एकाच दिशेला वळवतात. डायोड म्हणजे विजेला एकाच बाजूने जाऊ देणारी झडप. पण वळवलेली वीज अगदी सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा उरतात.

या लाटांचा वेग मोजता येतो. इंजिन ८०० आरपीएमवर आहे आणि अल्टरनेटरची पुली त्याच्या अडीचपट वेगाने फिरतेय असं धरा. अल्टरनेटरच्या मिनिटाला २००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३३. बारा ध्रुवांच्या रचनेत एका फेरीत सहा आवर्तनं होतात आणि तीन फेजमुळे प्रत्येक आवर्तनात सहा लाटा उठतात. हिशेब १२०० हर्ट्झवर येतो. रेस करून इंजिन २४०० वर नेलं की तीच शिट्टी ३६०० हर्ट्झवर जाते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे एवढीशी लाटही टोचते.

चांगल्या अल्टरनेटरवर या लाटा ०.१ व्होल्टच्या आतबाहेर असतात आणि बरा स्टिरिओ त्या गाळून टाकतो. तपासायचं असेल तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट चालू, आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा. आकडा ०.५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची दाट शक्यता आहे. तो बदलेपर्यंत ऑडिओच्या तारांना हात लावू नका. एक सावधगिरी मात्र हवी: काही स्वस्त मीटर एसीच्या रेंजवरही डीसी मोजत बसतात. इंजिन आणि सगळं बंद असताना तसाच मोजून पाहा. शून्याऐवजी मोठा आकडा दिसला तर तो मीटर या कामाचा नाही.

दोन अर्थ, दोन शून्यं

अल्टरनेटर ठीक असेल तर शिट्टी आत कशी येते? हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

गाडीत प्रत्येक वस्तूला प्लसची तार जाते, पण मायनसचं काम बहुतेक ठिकाणी बॉडीचा पत्राच करतो. वीज पत्र्यातून बॅटरीकडे परतते. या परतीच्या जागेला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात आणि तिथे शून्य व्होल्ट आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पत्र्याला, जोडांना, गंजलेल्या बोल्टला थोडा थोडा विरोध असतो. त्यामुळे डॅशबोर्डमागचं शून्य आणि डिकीतलं शून्य एकसारखं नसतं.

एकाच भिंतीवरची खूण दोघांना मोजायची आहे असं समजा. एक जण पक्क्या फरशीवर उभा आहे, दुसरा डुलणाऱ्या होडीत. खूण हलत नाही, पण होडीतल्या माणसाच्या मोजमापात प्रत्येक लाट मिसळते. स्टिरिओ गाण्याचा सिग्नल आपल्या शून्यापासून मोजून पाठवतो आणि ॲम्प तो आपल्या शून्यापासून वाचतो. दोन्ही शून्यांमधला फरक अल्टरनेटरच्या लाटांवर डुलत असतो, आणि ॲम्प त्यालाही गाणंच समजून मोठा करतो.

त्यात स्टिरिओ आणि ॲम्पला जोडणारी आरसीए केबल भर घालते. तिच्या मधल्या पिनेतून सिग्नल जातो आणि बाहेरची जाळी दोन्हीकडच्या अर्थला जोडलेली असते. दोन शून्यांमध्ये फरक असला की पत्र्यातून जायची थोडी वीज या जाळीतूनही वाहू लागते. या वर्तुळाला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

फरक किती छोटा पुरतो हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ॲम्प जोरात वाजताना ५० अँपिअर खेचतोय आणि त्याच्या अर्थच्या जोडाला ०.०१ ओहम विरोध आहे. तेवढ्यावर अर्धा व्होल्ट उठतो. हळू आवाजात आरसीएमधला संगीताचा सिग्नल काही मिलिव्होल्टच असतो. म्हणून शिट्टी नेहमी हळू आवाजात जास्त छळते.

फोन चार्जिंगला लावल्यावरच का?

हे त्याच वर्तुळाचं छोटं रूप. चार्जर एका ठिकाणाहून अर्थ घेतो, ऑक्स केबल दुसऱ्या ठिकाणी जोडलेली असते आणि फोन मध्ये पूल बनतो. खात्री करायला चार्जर काढून फोन बॅटरीवर वाजवा. शिट्टी क्षणात गेली तर निदान झालं. स्टिरिओत ब्लूटूथ असेल तर ते वापरा, कारण हवेतून वर्तुळ पुरं होत नाही. मात्र यूएसबीवर चालणारा आणि ऑक्समध्ये खोचायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर याला अपवाद आहे. त्याची वीज चार्जरमधून आणि आवाज ऑक्समधून, म्हणजे वर्तुळ पुन्हा पुरं. ‘ब्लूटूथ घेतलं तरी आवाज येतोच’ असं म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हीच डबी असते.

ॲम्पपासून मागे मागे

बाहेरून बसवलेला ॲम्प असेल तर शोध डिकीतून सुरू करावा. नियम एकच, आणि तो मोडू नका: आरसीए काढताना वा लावताना सिस्टीम पूर्ण बंद हवी.

जुन्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी डाग देऊन एकमेकांना जोडा. हा झाला शॉर्टिंग प्लग. असे दोन प्लग करून केबलऐवजी ॲम्पच्या इनपुटमध्ये बसवा. स्टिरिओच्या आउटपुटमध्ये ते चुकूनही लावू नका, त्याने आउटपुट जळू शकतो. आता इंजिन चालू करा.

शिट्टी तरीही येत असेल तर स्टिरिओ आणि केबल दोन्ही निर्दोष. स्पीकरच्या तारा सोडा आणि एखादा जादा स्पीकर ॲम्पशेजारीच थेट जोडा. शिट्टी गेली तर स्पीकरची तार वाटेत कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा जाड पॉवर केबलला चिकटून जातेय. गेली नाही, तर ॲम्पची अर्थ तार सोडून जाड तारेने तात्पुरतं थेट बॅटरीच्या मायनसला जोडा. आता शांत झालं तर अर्थची जागा वाईट. यानंतरही गाणारा ॲम्प दुरुस्तीला न्यायचा.

शॉर्टिंग प्लगने शांतता झाली तर दोष वरच्या बाजूला. ॲम्पकडची केबल पुन्हा लावा, स्टिरिओकडून काढा आणि त्या मोकळ्या टोकावर पिन व कडी वायरच्या तुकड्याने जोडून ऐका. शिट्टी असेल तर केबल वाटेत ती उचलतेय. दुसरी केबल सीटवरून सैल टाकून पाहिली की पटतं. शिट्टी नसेल तर राहिला स्टिरिओचा अर्थ किंवा लूप. आता त्याच टोकाला बॅटरीवरचा फोन जोडून गाणं लावा. स्वच्छ वाजलं तर स्टिरिओकडे वळा. त्याच्या धातूच्या पेटीपासून ॲम्पच्या अर्थपर्यंत एक तात्पुरती तार ओढा. शिट्टी उतरली तर स्टिरिओची काळी तार कारखान्याच्या बारीक वायरिंगमधून न घेता जवळच्या स्वच्छ पत्र्यावर नेऊन घट्ट करा.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अँटेनाच्या केबलची जाळीही बॉडीला जोडलेली असते, म्हणजे स्टिरिओला नकळत दुसरा अर्थ मिळतो. अँटेनाचा प्लग उपसल्यावर शिट्टी गेली तर स्टिरिओचा स्वतःचा अर्थ कमजोर आहे. असाच चोरटा अर्थ ॲम्पच्या पेटीलाही मिळतो, ती थेट पत्र्यावर स्क्रूने बसवली असेल तर. खाली प्लायचा तुकडा किंवा रबर घाला.

अर्थिंग नीट म्हणजे किती नीट

ॲम्पची अर्थ तार प्लसच्या तारेइतकीच जाड आणि शक्यतो ५० सेंटिमीटरच्या आत हवी. जागा रुंद, जाड पत्र्याची निवडा. पॉलिश पेपरने रंग आणि त्याखालचा प्रायमर दोन्ही घासून चकचकीत धातू दिसू द्या. तारेला रिंगचा लग दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, नट-बोल्टने आवळा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर तीच शिट्टी परत. नुसता पत्र्यात घुसणारा स्क्रू हादऱ्यांनी सैल होतो. सीटबेल्टचा बोल्ट तयार मिळतो म्हणून वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे, आणि त्याच्या आट्यांवर बऱ्याचदा चिकट लेप असतो, म्हणजे अर्थही धड मिळत नाही. भोक पाडण्याआधी पत्र्याखाली टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे वाकून पाहा.

मोजताना ओहमची रेंज वापरू नका. मीटरच्या स्वतःच्या तारांनाच ०.२ ते ०.५ ओहम विरोध असतो, तिथे ०.०१ काय दिसणार? त्याऐवजी डीसी व्होल्टवर एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला लावा. गाणं जोरात, बास भरपूर. आकडा ०.१ च्या आसपास राहिला तर ठीक. वर उसळत असेल तर तार, लग, पत्रा असं एकेक टप्पा मोजत या. उडी जिथे दिसेल तिथे दोष. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या कारखान्याच्या पट्ट्याही याच रीतीने मोजा. जुन्या गाडीत खरा गुन्हेगार तिथेच, हिरवट बुरशीखाली सापडतो.

स्टिरिओच्या पोटातला बारीक फ्यूज

कालपर्यंत शांत असलेली सिस्टीम केबल काढून लावल्यावर अचानक शिट्टी मारू लागली, तर हे वाचा. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडीला अर्थ देणाऱ्या वाटेवर एक इवलासा फ्यूज असतो, त्याला पिको फ्यूज म्हणतात. सिस्टीम चालू असताना आरसीए उपसली किंवा ॲम्पचा अर्थ सुटला की नको ती वीज या वाटेने धावते आणि फ्यूज उडतो. स्टिरिओ वाजत राहतो, फक्त आरसीएला पक्कं शून्य उरत नाही. तपासायला सगळं बंद करून केबल काढा आणि आरसीएची कडी व स्टिरिओची पेटी यांच्यात मीटर लावा. जोड अजिबात दाखवत नसेल तर फ्यूज गेलाय. पक्का उपाय म्हणजे तो बदलणं. तात्पुरता म्हणजे कडीपासून पेटीला एक बारीक तार.

‘एवढं कशाला? फिल्टर लावून मोकळे होऊ की!’

बाजारात दोन वेगळ्या वस्तू याच नावाने विकल्या जातात. आरसीए किंवा ऑक्समध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारेचा सलग जोड तुटतो, लूप संपतो. फोन-चार्जरच्या भानगडीत तो रास्त उपाय आहे. ॲम्पच्या बाबतीत मात्र तो वाईट अर्थवर पांघरूण घालतो, आणि स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातो. सबवूफरच्या वाटेत तो बसवणं म्हणजे सबवूफर कशाला घेतला, असा प्रश्न पडण्यासारखं.

दुसरी वस्तू प्लसच्या तारेत बसणारी, कॉइल आणि कपॅसिटरची. शिट्टी खरोखर प्लसमधून येत असेल तरच तिचा उपयोग, आणि तिची अँपिअरची क्षमता स्टिरिओच्या फ्यूजपेक्षा जास्त हवी. ॲम्पशेजारचा मोठा कपॅसिटर बास ठोकताना हेडलाइट मिणमिणू नयेत म्हणून असतो. लूपशी त्याचं काही देणंघेणं नाही.

महागड्या केबलचंही तसंच. जाड जाळीची केबल लूप तोडत नाही. तिची वाट बदलली तर फरक पडतो: पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. दोन तारा पिळलेली साधी केबल या कामात पुष्कळदा दिखाऊ केबलपेक्षा बरी ठरते.

कंपनीच्या मूळ स्टिरिओच्या स्पीकर तारांवरून ॲम्पला सिग्नल घेतला असेल तर आणखी एक चूक संभवते. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर अर्थच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. त्यांतली ‘मायनस’ तार बॉडीला जोडली की गोंगाट तर येतोच, आउटपुटची चिपही जाऊ शकते. दोन्ही तारा ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला, म्हणजे थेट स्पीकरच्या तारा घेणाऱ्या जोडणीला न्या.

नुसती ‘फस्स’

इंजिनाशी संबंध नसलेली ही सळसळ बहुधा गेनची असते. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. स्टिरिओ किती व्होल्टचा सिग्नल देतोय हे ॲम्पला सांगणारी ती खूण आहे. स्टिरिओ ४ व्होल्ट देत असताना गेन ०.५ व्होल्टच्या खुणेवर ठेवला, तर सगळी सळसळ आठपट होते. गेन नीट बसवायला आधी ॲम्पवरून स्पीकरच्या तारा काढा, गेन सगळ्यात कमी, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण, बास-ट्रेबल मध्यावर. पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट पाहत गेन हळूहळू वाढवा. ॲम्पचे वॅट आणि स्पीकरचे ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा, तेवढे व्होल्ट दिसले की थांबायचं. १०० वॅट आणि ४ ओहमला ते २० व्होल्ट येतं. याहून आवाज हवा असेल तर ॲम्प मोठा हवा.

चालू-बंद करताना ‘धप्प’ होत असेल तर ॲम्पची रिमोट तार तपासा. ती स्टिरिओच्या निळ्यावर पांढरा पट्टा असलेल्या तारेला हवी, इग्निशनला नाही. ॲम्प स्टिरिओनंतर जागा व्हावा आणि त्याच्याआधी झोपावा.

फक्त रेडिओलाच त्रास

बाकी सगळं स्वच्छ आणि खरखर रेडिओवरच, तर ती हवेतून अँटेनात शिरतेय. पहिला संशय डॅशकॅमच्या चार्जरवर, दुसरा नव्याने बसवलेल्या एलईडी दिव्यांवर. एकेक उपसून पाहा. सापडला की त्याच्या तारेवर, उपकरणाच्या अगदी जवळ, फेराइटची क्लिप बसवा आणि तार अँटेनापासून दूर न्या. पेट्रोल गाडीत टिकटिक असेल तर स्पार्क प्लग रेझिस्टरचे आहेत ना हे पाहा. त्यांच्या आत साधारण ५००० ओहमचा अडसर असतो, तो याचसाठी.

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, तरी पेडलबरोबर बदलणारी शिट्टी येऊ शकते. तिथे मोटर चालवणारा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडत-जोडत असतात, आणि त्याची पिल्लं एएम रेडिओच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला त्याचं हे एक कारण. अर्थिंगचे नियम तेच, पण केशरी आवरणाच्या तारा जीवघेण्या व्होल्टच्या असतात. त्यांच्याजवळून काही ओढायचं नाही आणि त्यांना हातही लावायचा नाही.

तारा सोडून

ठरावीक बासलाच खडखड होत असेल तर मीटर बाजूला ठेवा. ३० ते २०० हर्ट्झ असा हळू चढणारा टोन लावा आणि दुसऱ्याला दाराचं पॅनल, नंबर प्लेट, मागची ट्रे एकेक करून तळहाताने दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर थांबेल तिथे फोमची पट्टी. दाबून काहीच थांबलं नाही तर स्पीकरचा कागद हलक्या बोटांनी, सगळीकडून सारखा दाबून पाहा. आत खरवडल्यासारखं लागलं तर कॉइल वाकडी झालीय, आणि तो स्पीकर बदलायचा.